पडल्यानंतरची कामं

या वेळी निवडणुकीत पडलेल्या लहान पक्षांच्या उमेदवारांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. मी स्वतः लहान पक्षाकडून पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि विधानसभा अशी चढत्या क्रमानं पडलेली बाई आहे. नंतर निवडणूक प्रतिनिधी म्हणून इतर बऱ्याच जणांच्या पडण्याची कागदपत्रंही सांभाळली. तेव्हा उत्तरं अनुभवाची आहेत, गोड असतीलच असं नाही. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं-गावं काढली आहेत.

प्रश्न : विधानसभेला पक्षानं मला उभं केलं. २,१८७ मतं पडली, अनामत जप्त झाली. निकालापासून मी चौकात गेलेलो नाही. मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या प्रचाराच्या फोटोवर ‘डिपॉझिट गुल’ असं लिहून टाकलं आणि सगळे हसले. आमचे जिल्हाध्यक्ष फोन उचलत नाहीत. लोकांना तोंड कसं दाखवू?

दादा, आधी अनामतीचं बघू, कारण तुमच्या पत्रात मतांपेक्षा तिचाच उल्लेख जास्त वेळा आलाय. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अनामत परत मिळायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. तुमच्या मतदारसंघात १,९२,००० वैध मतं झाली असतील, तर ३२,००० च्या वर. नोटाची मतं या हिशेबात धरत नाहीत. आता समजा बारा जण उभे आहेत आणि वरच्या दोघांनी मिळून नव्वद टक्के मतं नेली. उरलेल्या दहाही जणांची अनामत जाणार, त्यातला एखादा कितीही भला असो. १९९६ साली तामिळनाडूत मोडाकुरिची मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले होते. त्याच वर्षी कायदा बदलून विधानसभेची अनामत २५० रुपयांवरून ५,००० वर नेली. आज ती १०,००० आहे, लोकसभेला २५,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. गर्दी आवरायला केलेली ही सोय आहे. तिच्यावरून तुमची पत ठरवणाऱ्यांना हा एक षष्ठांशाचा हिशेब करून दाखवायला सांगा. ग्रुपवरचे निम्मे तिथंच गप्प होतील.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. हे सांत्वनासाठी सांगत नाही. तुम्ही-आम्ही बाबासाहेब नव्हे. सांगायचं एवढंच की लहान पक्षाचा माणूस पडला म्हणजे त्याच्यात काहीतरी खोट असणारच, हे गणित ज्यानं केलं त्यानं इतिहास वाचलेला नाही. मधल्या काळात बाबासाहेब राज्यसभेवर गेले आणि त्यांची कामं चालूच राहिली.

आता तुमचं काम. निकालाचा ‘नमुना २०’ मिळवा. हा अंतिम निकालपत्रक असतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते ओळीनं दिलेलं असतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातही मागता येतो. मोठ्या पक्षांकडे तो वाचायला पगारी माणसं असतात. आपल्याकडे आपणच. छापून घ्या, पेन्सिल घ्या, आणि स्वतःचा रकाना वरून खाली वाचत या. बेरीज बघू नका, ती तुम्हाला पाठ झालीय.

मी विधानसभेला पडले तेव्हा माझ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी चार, सात, दोन, अकरा असंच होतं. माझ्या स्वतःच्या गावात एकोणीस. (माझ्या भावकीचीच मतं त्याहून जास्त होती, पण ते असो.) आणि एका वाडीच्या केंद्रावर त्रेसष्ट. त्या वाडीत आमची सभा झाली नव्हती, पत्रकं पोचली नव्हती, केंद्राबाहेर टेबल टाकायलाही आमचं कुणी नव्हतं. मला वाटलं आकडा चुकून खालच्या ओळीतला वर आलाय. म्हणून गेले. दोन-तीन घरं फिरल्यावर कळलं की आमच्या पक्षाच्या एका बाईनं काही वर्षांपूर्वी त्या वाडीतल्या मुलींचे जातीचे दाखले काढून दिले होते. पुरावे जमवायचे, तहसीलला खेटे घालायचे, त्रुटी निघाली की पुन्हा यायचं, सगळं तिनं केलं होतं. दाखला नसता तर त्यातल्या दोघींचं नर्सिंगचं शिक्षण थांबलं असतं. ती बाई पक्षाच्या कोणत्याच यादीत नव्हती. तिनं कधी सांगितलंही नव्हतं. वाडीनं मात्र पक्षाचं नाव लक्षात ठेवलं होतं.

तर दादा, तुमच्या २,१८७ मध्ये अशी ठिकाणं असणार. जिथं नात्यागोत्यानं पडली ती ओळखू येतील, त्यांवर खूण करून पुढं जा. जिथं का पडली ते कळत नाही, तिथं आधी जा. आभाराचा फ्लेक्स लावू नका. पडलेल्या उमेदवाराचा आभाराचा फ्लेक्स हा चेष्टेला दिलेला आयता मजकूर असतो. दारात जा, “तुमच्या केंद्रावर मला इतकी मतं पडली, कुणी दिली माहीत नाही, पण आलो” एवढं म्हणा. चहा होईल, मग कामं निघतील. रेशनकार्ड, विहिरीचं अनुदान, शाळेला मास्तर नाही, असलं काहीतरी. वहीत लिहून घ्या. होईल ते करा, होणार नाही ते तिथंच सांगा. खोटा होकार देऊ नका, तो जिंकलेल्यांनाच परवडतो.

आणि चौकात उद्याच जा. जितके दिवस लावाल तितकी पहिली खेप जड होईल. कुणी विचारलंच, तर आकडा स्वतःहून सांगा. लपवलेल्या आकड्यावर लोक हसतात, सांगितलेल्या आकड्यावर फार तर एकदा हसतात.

जिल्हाध्यक्षांचं म्हणाल, तर त्यांना जिल्ह्यातल्या सगळ्याच जागांची उत्तरं द्यायची आहेत आणि एकाही जागेचं उत्तर त्यांच्याकडे नाही. फोन सोडा. केंद्रवार आकड्यांसह दोन पानांचं पत्र लिहा. पत्राला ते उत्तर देणार नाहीत, पण पुढच्या बैठकीत त्यातलेच आकडे स्वतःचे म्हणून सांगतील. तेवढं झालं तरी पुष्कळ.

प्रश्न : माझे मिस्टर एका छोट्या पक्षाकडून उभे होते. पडले. मांडववाला, जीपवाला, छापखाना सगळे पैसे मागायला घरी येतात. दिराकडून हातउसने घेतले, माझ्या पाटल्या गहाण आहेत. हे कुणाशी बोलत नाहीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर तोच निकाल उघडून बघत बसतात. काय करू?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि मी पैशांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याला मुदत आहे.

निकाल लागल्यापासून ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. जिंकलेल्यानं द्यायचा, पडलेल्यानंही द्यायचा, ज्यानं काहीच खर्च केला नाही त्यानंही द्यायचा. पडलेल्यांना वाटतं, आता आपल्याला कोण विचारतंय. विचारतात. हिशेब दिला नाही आणि योग्य कारणही देता आलं नाही, तर निवडणूक आयोग कलम १०अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ही यादी जाहीर होते आणि तीत लहान पक्षांचे नि अपक्ष उमेदवार भरपूर असतात. पैसे खाल्ले म्हणून नव्हे, वही दिली नाही म्हणून.

अर्ज भरताना यांना एक नोंदवही मिळाली असेल. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात ती तपासणीला न्यावी लागते, म्हणजे निम्मी भरलेली असणार. उरलेली बिलं कुठं आहेत ते तुम्हालाच माहीत असेल. मी पाहिलेल्या घरांत ती बहुधा कपाटावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, मिठाईच्या खोक्याखाली. ती पिशवी काढा आणि वही यांच्यासमोर ठेवा. तुम्ही बिल वाचा, त्यांनी लिहायचं. जे देणं अजून बाकी आहे तेही दाखवायचं असतं. एका माणसाला किंवा एका दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० च्या वर रोख देता येत नाही, तेव्हा मांडववाल्याचे राहिलेले पैसे मोठे असतील तर निवडणुकीसाठी उघडलेल्या खात्यातूनच द्या. घाईत घरातून रोख देऊन टाकाल आणि वहीत बसवता येणार नाही.

देण्यांचा क्रम तुम्ही लावा, यांना लावू देऊ नका. पडलेला माणूस आधी त्याचे पैसे देतो जो सर्वांत मोठ्यानं ओरडतो. आधी जीपचा ड्रायव्हर, स्वयंपाकाची बाई, पोस्टरं चिकटवणारी पोरं. त्यांचं घर त्याच आठवड्याच्या पैशांवर चालतं. मग मांडव आणि छापखाना. त्यांच्याशी हप्ते ठरवा, कागदावर लिहून सही घ्या. दीर शेवटी. पक्षाला लेखी पत्र द्या की अमुक खर्च प्रदेशच्या सांगण्यावरून केला, वाटा द्यावा. बहुतेक पक्ष देणार नाहीत, पण तोंडी मागितलेल्याला तर कधीच देत नाहीत. आणि पहिल्या महिन्यात जमीन विकायचा विषय कुणी काढला, तर बैठकीतून उठून जा. त्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणून जो येतो, तो वास काढतच आलेला असतो.

आता मोबाइलचं. “झालं गेलं विसरा” असं म्हणू नका. तीन आठवडे या माणसानं दिवसाला शेकडो हात हातात घेतले, त्यातला प्रत्येक जण “तुम्हालाच” म्हणाला. आता ते रात्री बसून त्यातला कोण खोटं बोलला ते शोधताहेत. हा शोध संपत नाही, कारण उत्तर त्या आकड्यात नसतंच. लोक सगळ्याच उमेदवारांना “तुम्हालाच” म्हणतात. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. एवढं त्यांना एकदा ऐकवा, तेही रात्री नको, सकाळी. बाकी बोलणं हिशेबाचं करा. बिलं लावताना माणूस बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे. डिझेलच्या पावतीवरून त्याला तो दिवस आठवतो, मग त्या दिवशीची एखादी गंमत आठवते.

पण जेवण तुटलंय, झोप अजिबात नाही आणि दोन आठवड्यांत काहीच फरक पडत नाही असं दिसलं, तर डॉक्टरांकडे न्या. आणि “आता जगून काय करायचं” असं एकदा जरी म्हणाले, तर त्याच दिवशी न्या. त्यांना एकटं सोडू नका. कार्यकर्ते काय म्हणतील ते नंतर बघू.

प्रश्न : आमच्या उमेदवाराला ३,९०६ मतं पडली. आमच्याच विचारांच्या जवळचा मोठ्या पक्षाचा उमेदवार १,१४० मतांनी पडला. आता सगळे आम्हाला ‘मतं खाणारे’ म्हणतात. माझा वर्गमित्र त्या पक्षात आहे, तो ओळख दाखवत नाही. खरंच आमच्यामुळे पडले का?

असेल. नसेलही. तुमचा उमेदवार नसता तर ३,९०६ मतदारांचं काय झालं असतं, ते बघायला हवं. समजा १,९०० तिकडं गेले असते, ७०० जिंकलेल्याकडे, आणि बाकीचे घरी बसले असते किंवा नोटा दाबून आले असते. मग १,२०० चा फरक पडून निकाल फिरला असता. पण १,५०० आणि ७०० असं झालं असतं तर नसता फिरला. तुमचे मतदार कोण आहेत हे ज्याला माहीत नाही, त्याला हा आरोप करता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

या आरोपाचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००० सालचं आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडा राज्यावर येऊन अडली. तिथं बुश ५३७ मतांनी पुढं राहिले आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं होती. बुश यांच्यासमोर हरलेल्या गोर यांच्या समर्थकांनी नेडर यांना पुढं कायम त्यावरून धारेवर धरलं. त्याच राज्यात आणखीही लहान पक्षांचे उमेदवार होते आणि त्यांतल्या बहुतेकांची मतं ५३७ च्या वर होती. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. दोष ज्याचं नाव ओळखीचं त्याच्या वाट्याला येतो.

माझं मत विचाराल तर लहान पक्षानं उभं राहणं हा गुन्हा नाही आणि मतं कुणाची सातबाऱ्यावरची मालमत्ता नाही. मात्र ही चर्चा करायची वेळ अर्ज मागे घ्यायच्या मुदतीआधीची असते. त्या दिवसांत मोठ्या पक्षाचा माणूस तुमच्याकडे आला होता का? काय देऊ केलं होतं? तुम्ही काय मागितलं होतं? तो आलाच नव्हता, तर त्याला आज तक्रारीचा हक्क नाही. तो आला होता, सन्मानानं बोलला होता, आणि तुमच्या नेत्यांनी नुसत्या हट्टापायी हाकलला असेल, तर वर्गमित्राच्या रागात तथ्य आहे, असं मी तुम्हाला तोंडावर सांगेन.

वर्गमित्राकडे तुम्हीच जा. निकालाचा विषय त्यालाच काढू दे. तो काढेलच.

प्रश्न : आमच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे की मशीनमध्ये गडबड झाली, नाहीतर आपल्याला एवढी कमी मतं पडणार नाहीत. तक्रार करावी का?

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला ‘नमुना १७क’ देतो, त्यात त्या यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली ते असतं. मोजणीच्या वेळचा आकडा त्याच्याशी जुळतो का ते बघायचं. तुमच्याकडे किती केंद्रांचे १७क आहेत? मी हा प्रश्न विचारला की खोलीत शांतता होते. केंद्रावर माणूसच नव्हता, तर कागद कुठून येणार.

एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यंत्रांच्या पडताळणीची मागणी करता येते, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं, निकालापासून सात दिवसांत, स्वतःच्या खर्चानं. तुम्ही सहावे आहात. निवडणूक याचिका कुणाही उमेदवाराला किंवा मतदाराला उच्च न्यायालयात ४५ दिवसांत करता येते, तिला ठोस मुद्दे आणि पुरावे लागतात.

मोजणीच्या दिवशी काय होतं तेही सांगते. हॉलमध्ये साधारण चौदा टेबलं, जाळीच्या अलीकडे प्रतिनिधींच्या खुर्च्या. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्या पक्षांची माणसं वाकून वाकून आकडे लिहीत असतात. चौथ्या-पाचव्या फेरीला लहान पक्षांच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात. “आपलं काही खरं नाही” म्हणून मंडळी बाहेर वडापावच्या गाडीवर. शेवटी पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, तेव्हा बघायला आपलं कुणी नसतं. मग रात्री तेच लोक मशीनवर बोलतात. शंका असेल तर बसून राहायचं. शेवटच्या फेरीपर्यंत, शेवटच्या सहीपर्यंत. न बसता केलेल्या आरोपानं एकच होतं, तुमचे आहेत ते मतदारही पुढच्या वेळी म्हणतात, मत देऊन उपयोग काय.

प्रश्न : जिंकलेल्या उमेदवाराला अभिनंदनाचा फोन करावा का? प्रचारात त्यानं माझ्यावर घाणेरडे आरोप केले होते.

करावा, त्याच दिवशी, आणि अर्ध्या मिनिटात संपवावा. “अभिनंदन. अमुक रस्त्याचं काम लवकर घ्या.” बस. घरी हार घेऊन जाऊ नये, फोटो काढू देऊ नये. तो फोटो त्याच्या कामाला येतो, तुमच्या नाही. फोन उचलला नाही तर मेसेज करा. आरोप बदनामीकारक असतील तर वकिलाला विचारा, त्याचा फोनशी संबंध नाही.

प्रश्न : जिल्हा परिषदेला दोनदा उभी राहिले, दोनदा पडले. दुसऱ्यांदा चिन्ह वेगळं मिळालं, बऱ्याच बायका म्हणाल्या, आम्ही तुमचं जुनंच चिन्ह शोधत होतो. पक्ष आता पुन्हा उभी राहा म्हणतोय. राहू का? की लोक हसतील?

ताई, चिन्हाचं दुखणं खरं आहे आणि आपल्यासारख्यांनाच ते असतं. नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाला स्वतःचं राखीव चिन्ह नसतं, मुक्त चिन्हांतून मिळेल ते घ्यावं लागतं. विधानसभेला राज्यात सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा आमदार नसला तरी आठ टक्के मतं, अशा काही अटी पुऱ्या झाल्या की राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळते आणि मान्यता असेपर्यंत चिन्ह राखीव राहतं. तोवर दर वेळी नवं चित्र घेऊन दारोदार जायचं. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत ‘तुतारी’ चिन्हावरच्या एका अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली, कारण ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह दुसऱ्या पक्षाचं होतं. एवढ्या मोठ्या पक्षाची ही गत, तर आपली काय. म्हणून मी चिन्हाच्या आधी नाव पाठ करून घ्यायचे. पत्रकावर नाव मोठं, चिन्ह त्याखाली.

पुन्हा उभं राहण्याबद्दल सगळे तुम्हाला १९८४ च्या भाजपचं उदाहरण देतील, दोन खासदारांवरून कुठल्या कुठं गेले म्हणून. ते सोडून द्या. त्या वेळीही त्या पक्षाला देशात सात टक्क्यांच्या वर मतं होती. ते आपल्या कामाचं उदाहरण नाही.

कामाचं आहे बसपाचं. कांशीराम म्हणायचे म्हणतात, पहिली निवडणूक हरायला, दुसरी हरवायला, तिसरी जिंकायला. मायावती १९८४ ला कैरानात पडल्या, १९८५ ला बिजनौरच्या पोटनिवडणुकीत, १९८७ ला हरिद्वारच्या पोटनिवडणुकीत. १९८९ ला बिजनौरमधूनच लोकसभेत गेल्या. कांशीराम स्वतः १९८८ ला अलाहाबादला व्ही. पी. सिंहांसमोर आणि १९८९ ला अमेठीत राजीव गांधींसमोर पडले, १९९१ ला इटाव्यातून निवडून आले. हे वाचताना लोक चिकाटी बघतात. मी असं बघते की मधल्या काळात सायकलवरून गावोगाव फिरणारी माणसं तयार झाली होती आणि प्रत्येक पराभवानंतर ती वाढत होती. आपल्याकडे शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९७२ आणि १९९५ ला ते तिथंच पडले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना परत आणलं, कारण पडल्यावरही त्यांनी सांगोला सोडलं नव्हतं.

उलटंही उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये १९९० साली बूटल इथल्या पोटनिवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला १५५ मतं पडली. त्याच्या पुढं ४१८ मतं घेऊन होता तो मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पक्षाचा, म्हणजे मुद्दाम थट्टेसाठी काढलेल्या पक्षाचा नेता. त्यानंतर काही दिवसांतच सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांनी दुकान बंद केलं. मला तो निर्णय भित्रा वाटत नाही. ज्यांच्याकडे गावपातळीवर माणूसच उरला नव्हता, त्यांनी दर निवडणुकीला कुणाला तरी पुढं ढकलून त्याची अनामत घालवण्यात काय अर्थ होता?

तेव्हा तुमच्यापुरतं असं करा. दोन्ही निवडणुकांचे केंद्रवार आकडे शेजारी शेजारी लिहा. बेरीज वाढली की घटली ते नंतर. पहिल्यांदा ज्या केंद्रांवर मतं होती तिथं दुसऱ्यांदा टिकली का, ते बघा. चिन्ह बदलूनही टिकली असतील तर ती मतं तुमची आहेत. गेली असतील तर ती चिन्हाची किंवा त्या वेळच्या हवेची होती. मग तुमच्या गटातल्या सगळ्या केंद्रांची यादी करा आणि प्रत्येकासमोर एकाच माणसाचं नाव लिहा, जो मतदानाच्या दिवशी सकाळपासून कागद हातात मिळेपर्यंत तिथं बसेल. नवऱ्याचं नाव एकदाच लिहायचं. निम्म्या ओळीही भरल्या नाहीत, तर या खेपेला अर्ज भरू नका, आणि तसं पक्षाला लेखी कळवा. जिल्हाध्यक्ष रागावतील, “मग उभं कोणाला करू” म्हणतील. त्यांना म्हणावं, तुम्ही राहा.